मानेची वही

जुलै २०२३ मध्ये मान दुखायला लागली म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. तिथून जे सुरू झालं ते ऑक्टोबर २०२४ मध्ये आधार केंद्रातल्या खुर्चीवर येऊन टेकलं. मधल्या पंधरा महिन्यांत कुठे किती दिवस गेले, किती पैसे लागले, कशाचा उपयोग झाला आणि काय वाया गेलं, ते तारखांसकट लिहिते आहे. मला टुरेट सिंड्रोम आहे, म्हणजे अंगाचे झटके आणि घशातले आवाज आपोआप येत राहतात, त्यांना टिक्स म्हणतात. त्याबद्दल शोधायला गेलं की एक तर शिव्या देणाऱ्या माणसांचे व्हिडिओ सापडतात, नाही तर चार ओळींची व्याख्या. (नको ते शब्द तोंडून निघणं दहापंधरा टक्के लोकांतच दिसतं. मला तो प्रकार नाही.)

आधीचं लागेल तेवढंच सांगते. सातव्या वर्षी डोळे मिचकावायला लागले, तेव्हा ॲलर्जी म्हणून थेंब घातले. नवव्या वर्षी घसा खाकरणं आलं, तेव्हा मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. बाराव्या वर्षी मान उजवीकडे झटकायला लागली, तेव्हा आजीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. घरात या सगळ्याला एकच शब्द होता, खोड. टिक्स साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात सुरू होतात, दहा-बाराच्या सुमारास सगळ्यात जोरात असतात आणि विशीपर्यंत बऱ्याच जणांच्या उतरतात. माझ्याही उतरल्या, गेल्या मात्र नाहीत. नाशिकला शरणपूर रोडवर सीएंच्या ऑफिसात जीएसटीचं काम हातात आल्यावर पुन्हा चढल्या.

हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, गळ्याला कॉलर दिली आणि आठ दिवस घालायला सांगितली. तपासणीचे दोन वेळचे हजार, एक्स-रेचे ४५०, कॉलरचे ३५०. कॉलरने मान हलणार नाही असं वाटलं होतं, झालं उलटंच. हनुवटीखाली काहीतरी सतत टेकलेलं असलं की झटका द्यावासा जास्त वाटतो, आणि कॉलरच्या विरुद्ध झटका दिला की स्नायू दुप्पट दुखतो. चौथ्या दिवशी काढून ठेवली. दुसऱ्या भेटीत डॉक्टर बराच वेळ नुसते बघत बसले आणि म्हणाले, "मान दुखते म्हणून झटकत नाही तुम्ही, झटकता म्हणून दुखते. न्यूरोलॉजिस्टना दाखवा."

न्यूरोलॉजिस्टचा नंबर तीन आठवड्यांनी मिळाला, २४ ऑगस्टला. फी हजार रुपये. सांगण्यासारखी पहिली गोष्ट ही की डॉक्टरांच्या केबिनमध्ये टिक्स गायब होतात. नवी जागा, समोर अनोळखी माणूस, सगळं लक्ष बोलण्यात, त्यामुळे वीस मिनिटांत मान एकदा हलली असेल. बहिणीने आदल्या आठवड्यात मोबाइलवर चार व्हिडिओ काढून ठेवले नसते तर मी खोटं बोलतेय असंच वाटलं असतं. व्हिडिओ अर्ध्या-एक मिनिटाचे पुरतात, पण जागा वेगवेगळ्या हव्यात: सोफ्यावर टीव्ही बघताना, जेवताना, कामाच्या टेबलावर, फोनवर बोलताना. चेहरा आणि खांदे दोन्ही दिसायला हवेत, आणि आवाज बंद करू नये, कारण खाकरणंसुद्धा ऐकू यायला हवं.

निदानासाठी रक्ताची चाचणी नाही, स्कॅन नाही. हालचालीच्या दोन किंवा जास्त टिक्स, आवाजाची किमान एक, सुरुवात अठराच्या आत, आणि पहिली टिक येऊन वर्ष उलटलेलं. एवढं जुळलं की टुरेट. दोन्ही प्रकार एकाच वेळी असायलाच हवेत असं नाही. डॉक्टरांनी तरी डोळ्यांत प्रकाश टाकून बुबुळाच्या कडेला तांब्याचं कडं दिसतं का ते पाहिलं आणि सेरुलोप्लाझमिनची चाचणी लिहून दिली, १,२०० रुपये. विल्सन्स डिसीज नावाच्या आजारात शरीरात तांबं साठतं आणि त्यातही विचित्र हालचाली होतात, तो नाही ना हे बघायला. रिपोर्ट नॉर्मल आला. ईईजी, म्हणजे फिट आहे का हे बघायला काढतात तो मेंदूचा आलेख, नको म्हणाले. फिट येणाऱ्याला ती थोपवता येत नाही. टिक काही सेकंद, कधी काही मिनिटं अडवता येते, आणि ती यायच्या आधी त्या जागी कळ दाटते. ती कळ शिंकेच्या आधीच्या हुळहुळीसारखी असते, फक्त मानेत. मला वाटायचं ती मलाच कळते, पण तिला वैद्यकात नाव आहे आणि मोठ्या वयाच्या बहुतेकांना ती जाणवते.

टुरेट हे नाव जॉर्ज जील द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टरचं. १८८५ मध्ये त्याने नऊ रुग्णांचं वर्णन छापलं. हे मी घरी मुद्दाम सांगितलं. आजाराला जवळपास दीडशे वर्षांचं नाव आहे म्हटल्यावर आईचा "मनावर घेतलंस तर थांबेल" हा सूर थोडा मऊ झाला.

सप्टेंबरपासून क्लोनिडिन, रात्री अर्धी गोळी. मुळात हे रक्तदाबाचं औषध. पहिले दहा दिवस सकाळी डोकं जड, अंथरुणातून झटकन उठलं की अंधारी. त्यामुळे आधी कडेला बसायचं, मिनिटभराने उभं राहायचं. सुरू करण्याआधी आणि प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजून घेतला. हे औषध आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही, रक्तदाब उसळी मारतो. दिवाळीत गावी जाताना गोळ्यांची पट्टी घरी राहिली तेव्हा रात्री साडेनऊला मेडिकल शोधत फिरावं लागलं. तेव्हापासून एक पट्टी पर्समध्ये आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमध्ये असतो. डोळे मिचकावणं कमी झालं, मान जवळपास तशीच राहिली. याहून जोरदार औषधं आहेत, ॲरिपिप्राझोल किंवा रिस्पेरिडोन, पण वजन वाढणं आणि सुस्ती बघता डॉक्टर म्हणाले की आधी वर्तनोपचार करून बघा. मध्ये एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटले (१,२०० रुपये), कारण टुरेटबरोबर लक्ष न टिकणं किंवा तेच तेच तपासत राहणं बऱ्याचदा असतं आणि कधीकधी टिकपेक्षा तेच जास्त छळतं. मी कुलूप दोनदा ओढून बघते, तेवढ्याला काही करायची गरज नव्हती.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो यानंतर. टिक्सवरच्या या वर्तनोपचाराला सीबिट म्हणतात. मूळ कल्पना १९७३ ची, ॲझरिन आणि नन या दोघांची: टिकची कळ आली की त्या टिकशी जुळूच न शकणारी दुसरी हालचाल, म्हणजे कॉम्पिटिंग रिस्पॉन्स, करायची. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवर समुपदेशकांच्या पाट्या पुष्कळ. नोव्हेंबरमध्ये सात ठिकाणी फोन केले. पाच ठिकाणी "रिलॅक्सेशन शिकवू" असं उत्तर मिळालं. रिलॅक्सेशन वाईट नाही, पण नुसत्या त्यावर टिक उतरत नाही. फोनवर एकच प्रश्न विचारा: "कॉम्पिटिंग रिस्पॉन्स शिकवता का?" समोरचा अडखळला तर आभार मानून फोन ठेवून द्यायचा. शेवटी ऑनलाइन सत्रं घेणाऱ्या पुण्याच्या एक मॅडम मिळाल्या, सहा आठवड्यांच्या प्रतीक्षेनंतर. दहा आठवड्यांत आठ सत्रं, पहिली दोन दीड तासाची (२,४०० रुपये), बाकीची तासाभराची (१,६०० रुपये). अपेक्षा ठेवायची ती आकडे बघून: मोठ्या वयाच्या १२२ जणांवरची चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात या उपचाराने स्पष्ट फरक पडला तो सुमारे ३८ टक्के लोकांना. नुसती माहिती आणि आधार मिळालेल्यांत ते प्रमाण ६ टक्के होतं.

पहिलं सत्र ६ जानेवारी २०२४, शनिवार. मॅडमनी सगळ्या टिक्सची यादी करायला लावली आणि प्रत्येकीला त्रासाचे दहापैकी गुण. मान ८, घसा ७, उजवा खांदा ५, डोळे ३. दर सत्राला एकच टिक घ्यायची, वरून सुरुवात. त्या सत्रात माझ्या टिक्स इतक्या वाढल्या की मी घाबरले. टिक्सबद्दल बोललं की टिक्स येतात, यात काही बिघडलेलं नसतं. तुम्हीही हे वाचताना मान हलवली असेल तर हरकत नाही.

आणि मग वही. शंभर पानी, आडवी धरून सहा रकाने: वेळ, जागा, आधी काय चाललं होतं, कोणती टिक, दहा मिनिटांत किती, आणि नंतर काय झालं किंवा कोण काय म्हणालं. दिवसभर मोजायचं नाही, वेड लागेल. ठरलेल्या दोन वेळा, दहा-दहा मिनिटं. मोजायला खिशात मूठभर चिंचोके आणि दुसरा खिसा रिकामा. मोबाइलचं काउंटर वापरून पाहिलं, पण स्क्रीनकडे बघितलं की डोळ्यांच्या टिक्स वाढायच्या आणि आकडाच बिघडायचा.

तीन आठवड्यांत वहीत जे दिसलं ते वीस वर्षांत दिसलं नव्हतं. मला वाटायचं टिक्स लहरी आहेत. त्या तारखा पाळत होत्या! जीएसटीची दर महिन्याची दोन रिटर्न्स: जीएसटीआर-१ ची मुदत ११ तारीख, ३बी ची २०. वहीत ९ ते ११ आणि १८ ते २० या पानांवर दहा मिनिटांत पन्नास-साठ, १३ ते १६ ला पंधरा-वीस. त्यातही रिटर्न भरताना नव्हे, तर पोर्टल गोल गोल फिरत असताना. हात मोकळे, डोळे स्क्रीनवर, करण्यासारखं काही नाही आणि घाई मात्र आहे. टिकला याहून चांगली जमीन नाही.

स्कूटरवर तेच. गाडी चालू असताना मान जवळपास शांत, मायको सर्कलच्या सिग्नलला नव्वद सेकंदांत नऊ झटके. हेल्मेटचा पट्टा गळ्याला घट्ट लागला की ते तेरा व्हायचे. पट्ट्याला मऊ सुती कापड शिवून घेतलं आणि बक्कल एक घर सैल केलं. याहून सैल नको, हेल्मेट निसटेल. गाडी चालवण्याबद्दल न्यूरोलॉजिस्टना स्पष्ट विचारून घेतलं होतं. मान इतकी फिरते का की नजर रस्त्यावरून हटते, हा त्यांचा निकष. ज्या दिवशी फिरते असं वाटतं त्या दिवशी सिटीलिंकच्या बसने जाते, खिडकीजवळची सीट, झटका खिडकीच्या बाजूला.

सगळ्यात मोठा धक्का संध्याकाळच्या पानांनी दिला. माझी पक्की समजूत होती की ऑफिसात दिवसभर दाबलेलं घरी आल्यावर फुटतं. मॅडम म्हणाल्या, तपासून बघू. आठवडाभर एक दिवस ऑफिसात दाबायचं, एक दिवस सोडून द्यायचं. संध्याकाळचा आकडा दोन्ही दिवशी चाळिसाच्या आसपास. फरक पडत होता तो सोफा, टीव्ही आणि हातातला फोन या तिघांनी. ज्या दिवशी आल्या आल्या भाजी निवडायला बसले त्या दिवशी अकरा. इतरांचं वेगळं असेल, पण स्वतःच्या वहीला विचारल्याशिवाय "साठतं" हे मानू नका.

शेवटच्या रकान्याने घरात थोडी भांडणं लावली. खाकरलं की आई पाणी आणून द्यायची, मान हलली की बाबा टीव्हीचा आवाज कमी करून "काय झालं?" विचारायचे. प्रेमानेच. पण मेंदूला टिकनंतर दर वेळी काहीतरी मिळत होतं. नियम असा ठरला की टिककडे कुणी बघायचं नाही, टोकायचं नाही, थांबवल्याबद्दल शाबासकीसुद्धा द्यायची नाही, शाबासकी सरावाला. बाबांना हे जमायला दीड महिना लागला. भाचीला पाच मिनिटांत जमलं.

आता त्या टिकशी न जुळणाऱ्या हालचाली. मानेसाठी: कळ जाणवली की नजर समोर, हनुवटी किंचित खाली आणि आत, मानेचे स्नायू हलकेच आवळायचे, एक मिनिट किंवा कळ ओसरेपर्यंत. झटका देऊन झाला असेल तरी लगेच करायचं. घशासाठी तोंड मिटून नाकाने संथ श्वास आत, त्याहून संथ बाहेर. खांद्यासाठी खांदा खाली ओढून कोपर बरगडीला टेकवायचं. डोळ्यांसाठी दर तीन-पाच सेकंदांनी मुद्दाम सावकाश एक उघडझाप आणि मधूनमधून नजर खाली. चूक सगळ्यांची एकच होते आणि माझीही झाली: जोर. मी मान इतकी आवळली की चौथ्या दिवशी पुन्हा हाडांच्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली होती. शेजारच्या टेबलावरच्या ताईंना कळता कामा नये, इतक्या हलक्याने करायचं. दुसरी चूक, कळ जाणवायच्या आधीपासूनच दिवसभर करत बसणं. ते दाबणंच झालं, आणि त्यात सगळं लक्ष जातं.

तिसरं सत्र २० जानेवारीला पडलं. ३बी चा शेवटचा दिवस. ऑफिसच्या जिन्यात उभं राहून मोबाइलवर अर्धं सत्र केलं, १,६०० रुपये पाण्यात. तारखा आधीच बघून घ्या.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं होती. त्यासाठी मॅडमनी एक वाक्य पाठ करून घेतलं होतं: "मला टुरेट आहे, मान आपोआप हलते, दुखत नाही, तुम्ही बोला." शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे, ते नसले की समोरची बाई थांबून उपाय सांगायला लागते. (ब्राह्मीचं तेल, पंचवटीतले एक वैद्य आणि लग्न. तिसरा उपाय दोघींनी सुचवला.) पहिल्या घरी आवाज कापला, पाचव्या घरी तिळगूळ घेता घेता सांगून झालं.

पार्लरमध्ये भुवया कोरणं मी चार वर्षं टाळलं होतं. दोरा कातडीला लागलेला असताना मान झटकली तर चिरतं. आता पार्लरवाल्या ताईंशी ठरलंय की मी बोट वर केलं की दोरा बाजूला, पंधरा-वीस सेकंदांच्या तुकड्यांत काम. दहा मिनिटांचं काम वीस मिनिटांत होतं, म्हणून दुपारी दोनला जाते, गर्दी नसते. स्वयंपाकघरात विळी बंद. तिचं पातं जागचं हलत नाही आणि मान फिरली की बोट नेमकं तिथेच असतं. सुरी आणि पाट. चहाचा कप अर्धा. कालिदास कलामंदिरात नाटकाला मागच्या रांगेतली कडेची खुर्ची. प्रयोग रंगला की घसा शांत असतो, त्रास होतो पडदा वर जायच्या आधीच्या शांततेत. तेवढा वेळ दारापाशी उभी राहते.

ऑफिसात फेब्रुवारीत सांगितलं. न्यूरोलॉजिस्टकडून लेटरहेडवर चार ओळी घेतल्या: निदान, हे संसर्गजन्य नाही, बुद्धीवर परिणाम नाही, टेबलाची जागा बदलल्यास मदत होईल. सरांनी ते वाचून फक्त "कुठली जागा?" एवढं विचारलं. भिंतीला पाठ असलेली. पाठीमागे कुणी बघत असेल या विचारानेच माझ्या पाच-सात टिक्स वाढत होत्या.

अपंगत्वाच्या दाखल्याची चौकशीही केली. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत टुरेट नावाने नाही. मानसिक आजार, दीर्घकालीन न्यूरॉलॉजिकल आजार असे प्रकार आहेत. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्क्यांचा दाखला लागतो. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, मग सरकारी रुग्णालयात तपासणी. माझं रोजचं कामकाज चालू असताना तेवढे टक्के निघणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं, म्हणून अर्ज केला नाही. ज्यांना लिहिता येत नाही इतका हात झटकतो त्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलून जरूर करावा. मेडिक्लेमचं म्हणाल तर माझ्या पॉलिसीत ओपीडी नाही, म्हणजे शून्य.

९ मार्चला आठवं सत्र झालं. येल ग्लोबल टिक सिव्हिरिटी स्केल नावाचं मोजमाप आहे, हालचालीचे २५ आणि आवाजाचे २५ असे पन्नासपैकी गुण. जानेवारीत माझे २६ होते, मार्चमध्ये १८. हाडांच्या डॉक्टरांपासून इथपर्यंतचा हिशेब, न्यूरोलॉजिस्टच्या पुढच्या तीन भेटी (७०० प्रमाणे) धरून आणि औषधं सोडून, २१,७०० रुपये.

जूनमध्ये सर्दी झाली आणि सर्दी गेल्यावर नाक ओढणं मागे राहिलं. नवी टिक अशीही येते, खऱ्या खोकल्यातून किंवा सर्दीतून. घाबरून मॅडमना फोन केला नाही, वहीत नवा रकाना आखला. त्यावर उपाय तोंडाने संथ श्वास. जुलैअखेर, आयकर रिटर्नच्या गर्दीत, मान पुन्हा पन्नासवर गेली. वहीत मागच्या पानांवर तसंच लिहिलेलं होतं, त्यामुळे रडू आलं नाही, फक्त कंटाळा आला.

ऑगस्टमध्ये बहिणीच्या ढोल पथकाच्या सरावाला जायला लागले. कमरेला ढोल बांधून दहा मिनिटं वाजवताना टिक्स शून्य. वहीतला तो पहिला शून्य. रांगेत उभं राहून पाळीची वाट बघताना चौदा. बहीण म्हणाली, मग वाजवतच राहा. खांदे दुसऱ्या दिवशी उचलेनात, तेव्हा तेही औषध मोजूनच.

ऑक्टोबरमध्ये आधारचं बायोमेट्रिक अपडेट करायला गेले. दोन वर्षं टाळलं होतं, कारण बुबुळांच्या स्कॅनला डोळे उघडे धरून स्थिर बसावं लागतं आणि "डोळे उघडे ठेवा" म्हटलं की माझे मिटतात. सकाळी दहाला गेले, रांग लहान होती. बसण्याआधी ऑपरेटरला ते वाक्य सांगितलं, आणि "तीन म्हटल्यावर स्कॅन घ्या" असंही. दोन सावकाश उघडझापा, मग "तीन". पहिल्यांदा मान गेली. दुसऱ्यांदा डावा डोळा. तिसऱ्यांदा दोन्ही आले. मागच्या काकांनी घड्याळ बघितलं. शंभर रुपयांची पावती घेऊन बाहेर आले आणि गाडीवर बसून वहीत आकडा टाकला: १०.२०, आधार केंद्र, मान ६, डोळे ११, नंतर कुणी काही म्हणालं नाही.